मांडलेली खोली

सकाळी आजी चहा घेऊन नातीच्या खोलीशी गेल्या, तर खोलीत खोलीच उरली नव्हती. पलंग पॅसेजमध्ये उभा केलेला, गादी भिंतीला टेकून आजारी माणसासारखी बसलेली, कपडे स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांवर, आणि बरण्या न्हाणीघरात. बरण्या म्हणजे नातीचा सगळा संसार. त्यांत भुंगे, नाकतोडे आणि नाव विचारायची हिंमत होऊ नये असले जीव राहत. रिकाम्या खोलीच्या मधोमध आजींचा मुलगा कमरेवर हात ठेवून भिंतीकडे एकटक बघत होता.

"बटण कुठे आहे?" आजींनी विचारलं.

"न्हाणीघरात. बरण्यांना सोबत म्हणून बसलीय."

बटण हे नातीचं घरातलं नाव. लहानपणी ती गोल होती आणि आईच्या अंगाला शिवल्यासारखी चिकटलेली असे, म्हणून पडलेलं. आता ती शाळेच्या शेवटच्या वर्षात होती, बापाहून चार बोटं उंच होती, तरी नाव काही उसवलं नव्हतं. तिला कीटकांचा अभ्यास करायचा होता. नुसत्या कीटकांचा वेगळा विभाग असलेलं तिच्या आवाक्यातलं कॉलेज एकच, आणि त्यात जागा मोजक्या. गुण झाले, शिक्षकांची शिफारसपत्रं झाली, निबंध झाला; आता उरली होती ती मुलाखत. उद्या दुपारी, संगणकावर, अर्धा तास, घरूनच द्यायची.

'घरूनच' या शब्दाने सगळा घात केला.

कारण आजींचा मुलगा एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात खोल्या मांडायचा. गिऱ्हाईक टेबल विकत घेत नाही, टेबलाशी बसलेला स्वतःचा फोटो विकत घेतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो कोणीच राहत नाही अशा खोल्या तयार करायचा, आणि त्या बघून लोक हळहळायचे. पुस्तकांच्या नुसत्या पाठी, पुठ्ठ्याचा टीव्ही, प्लॅस्टिकची सफरचंदं. धंदा सरळ होता आणि मुलगा त्यात वाकबगार होता. पण एखादं काम माणसाच्या अंगात मुरलं की ते घरीही उतरत नाही. जेवताना मिठाची बाटली दोन बोटं डावीकडे सरकवल्याशिवाय त्याला घास जात नसे.

आजी चहाचा कप घेऊन पॅसेजमधल्या आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. त्यांना मुलाच्या वेळचा प्रवेश आठवत होता. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. रात्रपाळी संपवून तशाच मुलाला घेऊन कॉलेजात गेल्या. खिडकीतल्या माणसाने गुण विचारले, कागदावर शिक्का मारला आणि डबा खायला निघून गेला. तू कोण आहेस, तुला आयुष्यात काय करायचंय, असलं काही त्या मुलाला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला सांगताही आलं नसतं. तरी त्याचं सगळं नीट झालं होतं. निदान आज सकाळपर्यंत आजींचा तसा समज होता.

या वर्षी मात्र घरातल्या प्रत्येकाचं काहीतरी विचारून झालं होतं. निबंधाचा विषय होता, 'तुमच्यावर आलेलं संकट आणि त्यातून तुम्ही काय शिकलात'. घरभर संकट शोधलं, पण एक धड संकट सापडेल तर शपथ. मुलगा म्हणाला, माझी नोकरी गेली होती असं लिहू. पण ती गेली नव्हती. मग सून चाचरत चाचरत आजींच्या तब्येतीकडे वळली. आजी म्हणाल्या, "माझं आजारपण वापरा हवं तर. फक्त शेवटी मला बरी करा."

आजींचं आजारपण सुनेने लिहिलं, मुलाने सुधारलं, सुनेने पुन्हा वाढवलं. तिसऱ्या खेपेला तर आजींना स्वतःलाच भरून आलं. बटणने तो निबंध वाचला, शांतपणे बाजूला ठेवला आणि खिडकीच्या चौकटीत घर करणाऱ्या कुंभारीण माशीवर आपला आपण लिहून पाठवून दिला. हे घरात कळलं तेव्हा निबंध पोचलाही होता. सून त्या दिवशी जेवली नाही. मुलगा जेवला, पण मीठ सरकवायला विसरला.

म्हणूनच मुलाखतीत कसलीही कसर राहता कामा नये, असं दोघांनी ठरवलं होतं.

दुपारी दुकानाची गाडी आली. तिच्यातून भिंतभर पुस्तकांचं कपाट उतरलं, जे खरं तर कपाटाचा नुसता चेहरा होतं. मागे सगळा पोकळ कारभार. पाठोपाठ पृथ्वीचा गोल, उंच कुंडीतलं प्लॅस्टिकचं झाड आणि मोठा राखाडी पडदा. बटण न्हाणीघरातून बाहेर आली आणि बघतच राहिली.

"बाबा, ही माझी खोली नाहीये."

"उद्या अर्धा तास आहे."

"आणि बरण्या? मला कीटक शिकायचेत हे त्यांना माहीत आहे."

"कीटक तिथे गेल्यावर शिक. तिथे पोचेपर्यंत तरी माणसात राहा."

अडचण एकच होती. घर भाड्याचं, आणि भिंतीला खिळा मारायचा नाही असा मालकाचा दंडक. दुकानात कपाट भिंतीला स्क्रूने बसवलेलं असायचं. इथे ते पंखा लावला की डुलायला लागलं. म्हणून पंखा बंद करायचं ठरलं. पंखा नसतानाही ते विचारात पडल्यासारखं पुढे झुकायचं. म्हणून ते मागून धरून उभं राहायचं मुलाने पत्करलं. पडद्याला दांडी नव्हती, आणि खिडकीतून शेजाऱ्यांची वाळत घातलेली अंतर्वस्त्रं सरळ दिसत होती. म्हणून पडदा धरून, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने स्टुलावर उभं राहणं सुनेकडे आलं.

सून पोहायला शिकवायची. लांबून खुणा करून पोरांना पाण्यातून पार करायचा तिला वर्षानुवर्षांचा सराव होता. पण दोन्ही हात पडद्यात अडकल्यावर खुणांना भुवयाच उरल्या. भुवया वर म्हणजे ताठ बस, खाली म्हणजे हळू बोल, एक वर एक खाली म्हणजे हस. आजींकडे फोन, दारावरची बेल आणि तोंड बंद ठेवणं अशी तीन कामं आली. बटणकडे काय काम आहे ते कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी संगणकावर एक प्राध्यापिका उमटल्या. चष्मा, आखूड केस, मागे पांढरी भिंत. पॅसेजच्या दारातून आजींना सगळं दिसत होतं. खोलीत वारा नव्हता आणि कपाट अगदी बारीक श्वास घेत होतं. बटण खालमानेने सुरुवात करून हळूहळू वर आली. गुणांबद्दल बोलली, शाळेबद्दल बोलली, भुंग्यांबद्दल बोलताना तर हात हलवायला लागली, तेव्हा सुनेच्या भुवया खाली आल्या आणि हात पुन्हा मांडीवर गेले. आजींना वाटलं, जमतंय.

तेवढ्यात प्राध्यापिका पुढे झुकल्या. "तुझ्या मागे ते लाल, जाड पुस्तक दिसतंय. मी शिकताना तसलंच वापरायची. दाखवतेस?"

बटण म्हणाली, "मॅडम, ते पुस्तक..." आणि थांबली. सुनेच्या भुवया कपाळ सोडून केसांत शिरायला निघाल्या होत्या. पोरीने नाइलाजाने मागे वळून लाल पाठीला हात घातला आणि ओढलं. पुस्तकं सगळी एकाच फळीला चिकटवलेली होती. आख्खी रांग बाहेर आली, आणि रिकाम्या खणात तिच्या बापाचा चेहरा दिसायला लागला. घामाने निथळणारा, पण इतका नीट मधोमध की तोही दुकानातूनच आणलाय असं वाटावं.

प्राध्यापिकांनी चष्मा वर केला. त्यांची आणि त्याची नजरानजर झाली.

दुकानात शिरस्ता असा की गिऱ्हाइकाशी नजर भिडली की हातातलं काम तिथेच सोडायचं, दोन्ही हात पोटाशी जुळवायचे आणि हसून विचारायचं. इतक्या वर्षांत त्यात खंड पडला नव्हता, तो आताही पडला नाही.

"या मॅडम," तो म्हणाला, "काय दाखवू?" आणि हात पोटाशी जुळवले.

कपाट सुटलं. ते सावकाश, अदबीने पुढे आलं आणि बटणवर बसलं. वजन काहीच नव्हतं. तिचं डोकं एका खणातून अलगद वर निघालं आणि बाकीचं ग्रंथालय तिच्या खांद्यांवर राहिलं. सून स्टुलावरून उडी मारून धावली ती पडद्यासकट, त्यामुळे खिडकीतून ऊन आणि शेजाऱ्यांचे कपडे दोन्ही एकदम आत आले. पडद्याच्या टोकाने झाड ओढलं गेलं, झाड गोलावर पडलं, गोल घरंगळत पॅसेजमध्ये आजींच्या पायाशी आला.

"लागलं का ग? श्वास घे. आधी श्वास घे," सून म्हणत होती.

मुलगा हात पोटाशी धरून तसाच उभा होता. दुसरीकडे कुठे ठेवायचे ते त्याला सुचत नव्हतं.

"घरात अजून कोणी आहे का?" प्राध्यापिकांनी विचारलं.

"मी आहे," आजी पॅसेजमधून म्हणाल्या. "पण मला बोलायचं नाही असं सांगितलंय."

वर्षभर जिवाचं रान केलं, ते सगळं या पुठ्ठ्याखाली गेलं, हे बटणच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. आजींना उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं, पण पायाशी पृथ्वी होती.

प्राध्यापिकांनी पुढ्यातला कागद उलटला. "राहिलेलं विचारते. निबंधात तू कुंभारणीवर लिहिलंस. इतके कीटक असताना तीच का?"

बटणने नाक ओढलं. कपाटातून एक हात मोकळा करून डोळे पुसले.

"ती मातीचं घर बांधते, मॅडम. आत एक अंडं घालते. मग अळ्या पकडून आणते आणि पिल्लाला पुरेल इतका खाऊ भरून ठेवते. मग दार लिंपते आणि निघून जाते. परत बघायलाही येत नाही. पिल्लू आपलं आपण खातं, वाढतं, भिंत फोडून बाहेर येतं." तिने खांद्यावरचं कपाट सावरलं. "लहानपणी मला वाटायचं, काय दुष्ट बाई आहे. आता मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो."

सून खाली मान घालून पडद्याची घडी घालायला लागली. मुलाने एकदाचे हात सोडले.

पुढची दहा मिनिटं बटण कपाटात बसूनच बोलली. मधे एकदा प्राध्यापिकांनी तिचं काही खोडून काढलं, तर ती सरळ भांडली. भुवयांनी आवरायला आता कोणी नव्हतंच. सून पलीकडे जमिनीवर बसून नुसती ऐकत होती. आपली मुलगी असं बोलते हे तिला पहिल्यांदाच कळत असावं.

शेवटी प्राध्यापिकांनी आभार मानले, निकाल कधी ते सांगितलं, आणि मुलाखत संपली असं जाहीर केलं. पण त्या गेल्या नाहीत. त्यांनी एकदा बाजूला वळून दार लागलंय ना ते पाहिलं. आजींनी एक्स्चेंजमध्ये जन्म काढला होता. साहेबाचा आवाज घरगुती झाला की त्यांना पहिल्या शब्दाला कळत असे.

"तुझ्या वडिलांना जरा पुढे बोलाव," प्राध्यापिका खालच्या सुरात म्हणाल्या. मुलगा पुढे झाला. "हे बघा, माझाही मुलगा यंदा शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या खोलीची अवस्था... ते झाड कुठे मिळालं तुम्हाला?"

मुलाचा चेहरा उजळला. तो तोंड उघडणार तोच बटण म्हणाली, "बाबा, निकाल लागेपर्यंत तुम्ही मॅडमना काही सांगायचं नाही."

"बरोबर आहे," प्राध्यापिका म्हणाल्या. आवाज पुन्हा ऑफिसचा झाला. "मी काही विचारलंच नाही." आणि त्या दिसेनाशा झाल्या.

संध्याकाळी मुलाने स्वतः पलंग आत नेला. मग एकेक बरणी न्हाणीघरातून उचलून आणली आणि प्रत्येक वेळी विचारलं, ही कुठे ठेवू. एकीत काहीतरी फडफडलं तेव्हा दचकला, पण हातातून सोडली नाही.

"सरळ रांगेत लावू का ग?"

"नको, बाबा. वाकडीच असू द्या."

तो खाली बसला. "मी नुसतं धरून उभा राहणार होतो," तो म्हणाला. त्याच्या शर्टाला चिकटलेला पुठ्ठ्याचा तुकडा बटणने काढून टाकला.

मधले दिवस घरात सगळे मांजरासारखे पावलं दाबून वावरले. बटणशी कोणी निकालाबद्दल बोलत नव्हतं, आणि ते न बोलणंच घरभर ऐकू येत होतं. मग एका दुपारी ती खोलीतून बाहेर आली, आजींच्या खुर्चीशी उकिडवी बसली आणि त्यांच्या मांडीत तोंड खुपसलं. आजींना वाटलं, संपलं. तेवढ्यात मांडीतून शब्द आले, "घेतलं मला."

त्या दिवशी सून दोनदा रडली आणि मुलाने मीठ जिथे होतं तिथेच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसतात न बसतात तोच फोन वाजला. आजींनी उचलला. पलीकडून कोणीतरी अगदी कुजबुजत होतं.

"अभिनंदन. मीच ती, मुलाखत घेणारी. निकाल लागलाय, आता विचारलं तर चालेल ना?"

"विचारा की. पण जरा मोठ्याने बोला."

"मोठ्याने नाही बोलता येणार. माझ्या मुलाची मुलाखत चालू आहे. मी बाजारात गेलेय असं त्याला सांगितलंय." आवाज आणखी बारीक झाला. "मी त्याच्या खोलीतल्या कपाटात आहे. नुसतं ऐकायला म्हणून शिरले होते, आता पाय बधिर झालाय. अजून अर्धा तास आहे हो."

आजी हसल्या. "लाइनवर राहा," त्या म्हणाल्या, आणि रिसीव्हर मुलाकडे दिला.

मुलाने सगळं नीट ऐकून घेतलं. ताट बाजूला सारलं, खुर्चीत सावरून बसला, आणि घशात अदब आणून म्हणाला,

"घाबरू नका मॅडम. आधी मला सांगा, कपाट सरकत्या दाराचं आहे की बिजागरीचं?"