साळू आणि तिची मुखत्यार

मुलांनो, तुमच्या वाट्याचं कडू औषध तुमच्या वतीनं कधी दुसऱ्या कुणी प्यायलं आहे का?

नाही ना? ते तुम्हांलाच नाक दाबून प्यावं लागतं. पण मोठं झाल्यावर फार सोयी असतात. आपल्या वतीनं बोलायला, भांडायला, अंगठा द्यायला, इतकंच काय, आपल्या वतीनं चुकायलासुद्धा दुसरं कुणी नेमता येतं. त्याला मुखत्यार म्हणतात. आता नीट मांडी घालून बसा आणि ऐका.

एका जंगलात, टेकडीच्या उतारावर, करवंदीच्या जाळीखाली साळू नावाची साळिंदर राहत होती. तिचं बीळ तिच्या आईनं उकरलं होतं. टेकडी सगळी कातळाची. माती होती ती एवढ्याच जागी. साळूचा जन्म त्याच बिळात झाला होता आणि तिला दुसरं घर नव्हतं.

साळूच्या अंगावर हातभर लांब काटे होते, पण स्वभाव मऊ. कुणाला नाही म्हणायचं तर तिच्या घशाला कोरड पडायची. चारचौघांत बोलायची वेळ आली की काटे आपोआप थरथरायचे आणि खुळखुळ्यासारखा आवाज यायचा. मग सगळे तिच्याकडे बघायचे. मग काटे आणखी थरथरायचे.

एका पावसाळ्यात एक तरस भिजत तिच्या दाराशी आलं. "ताई, पाऊस थांबेपर्यंत बसू का?" म्हणालं. साळूनं बसू दिलं. पाऊस थांबला, तरस गेलं. आणि भाद्रपदात त्यानं जंगलाच्या सभेकडे तक्रार केली, की करवंदीखालचं बीळ माझं आहे, मी त्यात राहिलो आहे, आणि आत राहणाऱ्या बाईंनी मला त्या वेळी एका शब्दानं हरकत घेतली नव्हती.

हे खरंच होतं. साळूनं हरकत घेतली नव्हती. तिनं उलट त्याला कंदमुळं खायला दिली होती.

त्या जंगलातले तंटे गवाआजोबा सोडवत. नदीकाठच्या अर्जुनाच्या झाडाखाली ते रवंथ करत बसत आणि न्यायही तसाच देत, म्हणजे सावकाश आणि पूर्वी गिळलेलं पुन्हा चावून. सभा भाद्रपदी अवसेला भरायची होती. साळूला तिथं उभं राहून एवढंच सांगायचं होतं, की बीळ माझं आहे, माझ्या आईनं उकरलंय, मी ते सोडणार नाही. गवाआजोबा तिच्या आईला ओळखत होते. काम तेवढ्यानं झालं असतं.

पण चारचौघांत बोलायचं, या विचारानंच साळूला दोन दिवस अन्न गोड लागेना.

त्या जंगलात एक चाल होती. ज्याला सभेत यायचं नसेल त्यानं आपल्या अंगावरची खूण दुसऱ्याला द्यायची. पक्षी पीस देत, जनावरं केस देत. खूण ज्याच्या हाती, तो मुखत्यार. तो बोलेल ते मालकच बोलला, असं धरलं जाई.

साळूनं पाठीवरचा एक छान काळापांढरा काटा काढला आणि ती कोकिळाबाईंकडे गेली. जंगलात त्यांच्यासारखं गोड बोलणारं कुणी नव्हतं.

"अगं, कशाला काळजी करतेस?" कोकिळाबाई म्हणाल्या. "तुझं काम ते माझं काम."

"मोबदला काय द्यायचा?"

"मी मोबदला घेत नाही. नाव झालं की पुरे."

"सांगायचं एवढंच, की बीळ माझं आहे. मला वाद घालायचा नाही, पण बीळही सोडायचं नाही."

"समजलं. किती गं समंजस आहेस!"

साळू हलक्या मनानं घरी आली. त्या रात्री तिला झोप लागली. मुखत्यार नेमल्याचा हा पहिला फायदा असतो, मुलांनो.

कोकिळाबाईंचा कामाचा अनुभव दांडगा होता. स्वतःची अंडीसुद्धा त्यांनी कधी स्वतः उबवली नव्हती. काटा पळसाच्या पानात गुंडाळून, अंडी ज्यांच्या घरट्यात ठेवायची सवय, त्यांच्याच घरट्याकडे त्या निघाल्या.

"कावळेबुवा, भाद्रपद आहे, माझा गळा बसलाय. अवसेला सभेत जरा उभे राहाल का? बाई फार शांत आहेत. त्यांना वाद नकोय."

"ठेवा तिथं," कावळेबुवा म्हणाले.

कावळेबुवा तर जंगलातले सगळ्यांत जुने मुखत्यार. माणसांच्या गावात मेलेल्यांच्या वतीनं जेवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराण्याकडे होतं. पण म्हणूनच अडचण आली. भाद्रपदातली अवस म्हणजे सर्वपित्री. त्या दिवशी कावळेबुवांना गावातल्या प्रत्येक घरी कुणाचे ना कुणाचे आजोबा म्हणून जायचं होतं. डोकं खाजवायला सवड नव्हती. त्यांनी शेजारच्या फांदीवरच्या खारीला हाक मारली.

"हे घे. अवसेला अर्जुनाखाली जायचं. निरोप असा, की वाद नको, समोरचा म्हणेल ते मान्य."

"असं म्हणालेत मालक?"

"वाद नको म्हणजे तेच की. मी इतकी वर्षं समोर येईल ते खातो, माझं काही वाईट झालंय का?"

खारीनं पळसाचं पान न उघडताच ठेवून घेतलं. पण तिची पिल्लं डोळे उघडायच्या बेतात होती, आणि सभेला तरस येणार हे तिच्या कानावर आलं होतं. अवसेच्या आदल्या दिवशी ती पान घेऊन उतारावर आली.

"साळूमावशी, एवढं काम कर ना माझं! उद्या सभेत एक निरोप सांगायचाय."

"मी? अगं, मला चारचौघांत बोलता येत नाही."

"तुझं स्वतःचं थोडंच आहे? परक्याचं आहे. परक्याचं बोलायला काय लागतं? माझी पिल्लं बघ ना मावशी, एकटी टाकून कशी जाऊ?"

 साळूला नाही म्हणता आलं नाही.

"पण कुणाचं काम आहे?"

"ते मलाही ठाऊक नाही. कावळेबुवांनी दिलं. निरोप असा, की वाद नको, समोरचा म्हणेल ते मान्य. पान मात्र सभेतच उघडायचं हं, तशी चाल आहे."

साळूनं पान ठेवून घेतलं. तिला त्या बिचाऱ्या मालकाची कीव आली. 'असा कसा निरोप देतात लोक? बरं झालं, मी कोकिळाबाईंना नीट समजावून सांगितलं,' असं तिच्या मनात आलं.

अवसेला सकाळी सभा भरली. गवाआजोबांनी हाक दिली, "करवंदीखालचं बीळ!"

तरस पुढं आलं. साळू मागं झाडीत उभी होती. कोकिळाबाई कुठं दिसतात का, ते ती बघत राहिली.

"मालकिणीतर्फे कोण?"

गवाआजोबांनी सभेवरून नजर फिरवली.

"खूण कुणाकडं आहे?"

साळूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग हातातलं पळसाचं पान उघडलं. आत काटा होता. काळापांढरा, छान. तिचाच.

काटे असे थरथरले, की सगळी सभा मागं वळली.

"ये, पुढं ये," गवाआजोबा म्हणाले. "निरोप काय आहे?"

"आजोबा, हा काटा माझाच आहे."

"खूण कुणाची ते मी विचारलं नाही. निरोप काय आलाय, तेवढं सांग."

साळूला आईनं लहानपणी शिकवलं होतं, की निरोप आला तसा पोचवावा, त्यात आपलं घालू नये. तिला खोटं बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "निरोप असा आलाय, की वाद नको, समोरचा म्हणेल ते मान्य. पण..."

"मान्य!" तरस ओरडलं. "मलाही मान्य!"

"पण मी असं सांगितलंच नव्हतं!" साळू म्हणाली. "मी कोकिळाबाईंना सांगितलं होतं, की बीळ सोडायचं नाही."

"ते तुझं न्‌ कोकिळेचं घरातलं बोलणं," गवाआजोबा म्हणाले. "तरसाला ते कसं कळणार? तरसानं खूण बघायची न्‌ शब्द ऐकायचा. मुखत्याराचा शब्द तो मालकाचा शब्द."

"पण मुखत्यार तर कोकिळाबाई होत्या! त्यांनी कावळेबुवांना का दिलं? मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं."

गवाआजोबांनी बराच वेळ रवंथ केलं. "मुद्दा चांगला आहे," ते म्हणाले. "मुखत्यारानं आपलं काम परस्पर दुसऱ्यावर ढकलू नये, असाच नियम आहे. पण ज्याच्या धंद्याची चालच तशी असेल, त्याला ते माफ असतं. कोकिळेच्या धंद्याची चाल काय आहे, हे अख्ख्या जंगलाला ठाऊक आहे. तुला ठाऊक नव्हती?"

साळूला ठाऊक होती. ती खोटं बोलली नाही.

"मग मी तिचं मुखत्यारपण काढून घेते. आत्ता! इथंच!"

"घे की. मालकाला तो हक्क आहे. पण समोरच्याला ते आधी कळलेलं पाहिजे. काय रे तरसा, तुला आधी कळलं होतं?"

"मला बापड्याला काय कळतंय, आजोबा!" तरस म्हणालं.

साळू आता रडकुंडीला आली. "आजोबा, मालकीण मीच आहे. मी इथं उभी आहे. माझं घर जातंय!"

"बाई," गवाआजोबा अगदी मायेनं म्हणाले, "तू खूण घेऊन आलीस. म्हणजे तू मुखत्यार म्हणून आलीस. मुखत्यारानं मालकाच्या कामात स्वतःचा फायदा बघू नये. मघापासून तू इथं स्वतःचंच घर वाचवायला बघतेस. हे बरं दिसत नाही."

सभेत कुजबुज झाली. साळूला फार लाज वाटली. तिनं मान खाली घातली.

"बीळ तरसाचं," गवाआजोबा म्हणाले. "मालकिणीचं नुकसान झालं असेल तर तिनं ते मुखत्याराकडून भरून घ्यावं, आणि मुखत्याराला कामापायी काही सोसावं लागलं असेल तर ते मालकिणीनं भरून द्यावं. म्हणजे कुणावर अन्याय नको."

साळू नदीकाठी बसून दुपारपर्यंत विचार करत होती, की आपण आपल्याला द्यायचं काय आणि आपण आपल्याकडून घ्यायचं काय. हिशेब जमेना.

तेवढ्यात वरच्या फांदीवर कोकिळाबाई आल्या. "काय गं, झालं का काम?"

"बीळ गेलं, बाई."

"अगंबाई! पण वाद तर झाला नाही ना?"

"नाही."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" आणि त्या आनंदानं उडून गेल्या.

संध्याकाळी तरस बिळात शिरलं. साळूनं त्याला आत कुठं पाणी झिरपतं ते दाखवलं, कारण न सांगणं बरं दिसलं नसतं. मग ती बाहेर येऊन करवंदीच्या काट्यांत झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागी झाली, तर जाळीपुढं जनावरांची रांग लागली होती. कुणाच्या हातात पीस होतं, कुणाच्या हातात केस. स्वतःचं घर गेलं तरी मालकाचा निरोप फिरवला नाही, असा इमानी मुखत्यार त्या जंगलात आजवर कुणी पाहिला नव्हता. रांगेत पहिलं उभं होतं तरस. त्याच्या बिळावर रात्रीच एका रानडुकरानं हक्क सांगितला होता. "साळूताई, नाही म्हणू नका," ते म्हणालं, आणि साळूनं त्याचा केस हातात घेतला.

तात्पर्य : आपलं काम नेहमी दुसऱ्यावर सोपवावं. मात्र तो दुसरा इमानी नाही, याची आधी नीट चौकशी करावी. आणि फिरून फिरून तो आपणच निघालो, तर त्या दिवसापुरतं तरी इमान घरी ठेवून जावं.