शीतगृहातील संधी

आमच्या गोठवलेल्या पिझ्झ्याच्या कारखान्यात बसण्याचा अधिकार फक्त सुपरवायझरला आहे. बाकीच्यांनी उभ्याने काम करावं असा नियम आहे आणि तो करताना कुणाच्या गुडघ्यांना विचारलेलं नाही.

माझ्या शेजारी चीज पसरायच्या मशीनवर लॉर्ना स्विटाला असते. तिचे गुडघे पार कामातून गेलेले. सुपरवायझरची जागा रिकामी झाली तशी ती मॅनेजरकडे गेली. आमच्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात साहेबाला नावाने हाक मारायची मुभा असते. बाकीच्या मुभा विचारू नका.

"ब्रेंट, ती खुर्ची मला दे. इथलं सगळं काम मला येतं."

"तिथंच तर घोडं अडलंय, लॉर्ना," ब्रेंट हळहळला. "तुला काम येतं, पण व्यवस्थापन कुठे येतं? कम्युनिटी कॉलेजात जाऊन बिझनेस मॅनेजमेंट करून ये. खुर्ची तुझीच."

झालं! लॉर्ना दिवसभर उभी राहून संध्याकाळी टायरच्या दुकानामागच्या त्या कॉलेजात जाऊ लागली. तिथे टॉड नावाच्या प्राध्यापकाने पहिल्याच तासाला सांगितलं की जगात अडचण नावाची वस्तूच नाही, असते ती संधी. अडचण म्हणणारा कामगार राहतो, संधी म्हणणारा मॅनेजर होतो. आता आमचं गाव मुळातच असं की पाय प्लास्टरात असलेल्या माणसाला 'कसं काय?' विचारलं तरी तो 'तक्रार नाही' म्हणतो. त्यात ही विद्या. लॉर्ना वर्गात पहिली आली.

"उत्तम!" ब्रेंट म्हणाला. "आता थोडे दिवस हे ज्ञान प्रत्यक्षात वापरून दाखव. मग बस."

पुढच्याच आठवड्यात तिचं मशीन अडकलं आणि एकेका पिझ्झ्यावर चीजचे डोंगर पडू लागले. लॉर्नाने ब्रेंटला फोन केला. "चीज विभागात संधी निर्माण झाली आहे." ब्रेंट खूश. त्याने मुख्यालयाला कळवलं, मुख्यालयही खूश. इतर कारखान्यांतून नुसते बिघाड कळत होते, आमच्याकडून संधी. आम्हाला 'संधीनिर्मितीत अव्वल' अशी ढाल मिळाली. ती ठेवायला जागा हवी म्हणून प्रथमोपचाराची पेटी हलवण्यात आली.

मग ऐन हरणांच्या शिकारीच्या हंगामात, निम्मा कारखाना बंदूक घेऊन रानात असताना, शीतगृहाचं यंत्र बंद पडलं.

"ब्रेंट, शीतगृहात मोठी संधी आहे," लॉर्ना फोनवर म्हणाली.

"किती मोठी?"

"दुपारपर्यंत आणखी वाढेल."

ब्रेंटने केक मागवला.

माझा संताप झाला. "अगं बये, पिझ्झे वितळतायत! सरळ सांग ना त्याला!"

"सांगते आणि घालवते खुर्ची!" ती उसळली. "तू हो पुढे. तू सांग."

मी गप्प बसलो, म्हणजे उभ्यानेच.

शेवटी दुरुस्तीवाला आपणहून आला, कारण चीजचा ओघळ त्याच्या खोलीत शिरला होता. पण त्याला कामाला हात लावायचा तर कुणीतरी बिघाड कळवायला हवा. इथे बिघाड नव्हताच, संधी होती. आणि संधी हा विषय जाहिरात विभागाचा. तो केक खाऊन गेला. संध्याकाळी जाहिरात विभागाचा माणूस आला, त्याने गुडघाभर लगद्याचे सुरेख फोटो काढले.

पंधरवड्यात मुख्यालयातून एक हसऱ्या बाई आल्या. आम्हा सगळ्यांना एकत्र उभं करून म्हणाल्या, "मित्रांनो, या कारखान्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी संधी मी तुमच्यासाठी आणली आहे!"

आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. तो चालू असतानाच त्यांनी सांगितलं की कारखाना बंद होतोय. टाळ्या मध्येच थांबवणं आमच्याकडे असभ्य समजतात, म्हणून आम्ही वाजवत राहिलो. मीही. ब्रेंट सर्वांत जोरात. त्याची बदली झाली होती.

फक्त लॉर्ना पुढे झाली. "आणि माझ्या बसण्याचं काय?"

बाईंनी मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बसावंस हीच कंपनीची इच्छा आहे, लॉर्ना. उद्यापासून घरी बस."

हे ऐकून लॉर्ना काय म्हणाली? "तक्रार नाही" म्हणाली. तेवढ्यासाठी तिला पुन्हा टाळ्या मिळाल्या.

हसताय? हसा की! पण गेल्या वर्षी तुमच्या साहेबाने 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं म्हणून पगारवाढ रोखली, तेव्हा पहिली टाळी कुणी वाजवली होती हो?