काही न करण्याचा अर्ज

सार्वजनिक बागेत स्त्रियांना सुरक्षित वाटावं म्हणून प्रशासनाने फाटकावर एक वही ठेवली. एकटी आलेली स्त्री बाकावर का बसते, याची नोंद झाल्याशिवाय तिला सुरक्षित वाटणार नाही, असं समितीचं एकमत झालं होतं.

पहाटेपासून राबून वहिनी दुपारी चारला बागेत पोचल्या. घरची मंडळी परतायच्या आत त्यांना अर्धा तास मिळे. घरी टेकलं की समोर कपड्यांचा ढीग दिसे, म्हणून हा अर्धा तास त्यांना बाकावर हवा होता.

रखवालदाराने पेन उघडलं. "ताई, कारण?"

"काही नाही. नुसतं बसायचंय."

"असं नाही चालत. मुलाला न्यायला आलाय, मिस्टरांची वाट बघताय, पाय दुखतोय, यातलं एक सांगा."

"पाय ठणठणीत आहेत."

"मग अवघड आहे," तो हळहळला.

वहिनींनी शेजारच्या बाकांवर घोरत पडलेल्या तीन पुरुषांकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"त्यांचं काय! ते रोजचेच आहेत."

वहिनी हट्टाला पेटल्या. दिवसभर सगळं दुसऱ्यांच्या कारणाने चालायचं. हा अर्धा तास तरी त्यांना बिनकारणाचा हवा होता. त्या तडक उद्यान अधीक्षकांकडे गेल्या.

अधीक्षकांनी नियमावली चाळली. "काही न करण्यासाठी बसता येतं. मात्र अर्जदार खरोखरच काही करत नाही, याचा कुटुंबप्रमुखाच्या सहीचा पुरावा लागेल."

सरकारी कामाला लागणारा कागद घरात तयार सापडण्याची वहिनींची ही पहिलीच वेळ. लेकीच्या शाळाप्रवेशाच्या फॉर्मची प्रत होती ती. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात नवऱ्याने टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'काही करत नाही. घरीच असते.' खाली झोकदार सही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या बाथरूमचा नळ सोडून रडल्या होत्या. आता अर्जाच्या दुसऱ्या दिवशी तोच कागद त्या जपून अधीक्षकांकडे घेऊन आल्या.

"बिनतोड पुरावा!" अधीक्षकांनी खूश होऊन शिक्का उचलला. तो हवेतच थांबला.

"पण ताई, इथे तर 'घरीच' लिहिलंय. म्हणजे काही न करण्याची सोय तुम्हाला घरी दिवसभर आहे. मग त्यासाठी बाक कशाला अडवायचा?"

'सुविधा राहत्या घरी उपलब्ध' असा शेरा मारून अर्ज निकाली निघाला. वहिनी कपड्यांच्या ढिगाकडे परतल्या.

वाचकांनी हसून झाल्यावर आपल्या घरातली फाईल काढून तो रकाना एकदा बघावा. अक्षर ओळखीचं निघेल.