कपाटातला अल्बम

वेल्डरच्या रॅप अल्बमचं रेकॉर्डिंग त्याच्या थोरल्या बहिणीच्या कपड्यांच्या कपाटात झालं. स्टुडिओवाले दारात उभं करत नव्हते, आणि लोंबत्या कपड्यांत आवाज घुमत नाही हे त्याला कुणी न शिकवता कळलं होतं. शेवटच्या मोठ्या गाण्यासाठी त्यानं सात पाहुणे बोलावले. एकेकानं यायचं, कपाटात शिरायचं, गायचं, चहा पिऊन चालतं व्हायचं. दुसऱ्याचं ऐकायचं नाही, कारण रॅपरांच्या जमातीत ओळ कानावर पडली की तिचा मालक बदलतो. विषय एकच: ज्याच्यावर दात आहे त्याला सोलायचं, नाव मात्र घ्यायचं नाही.

आठवा तुकडा वेल्डरचा स्वतःचा. साऱ्या व्यवस्थेवर, आठ महिने घासलेला. तो जगानं ऐकावा म्हणून तर हा खटाटोप.

शनिवारी दुपारी त्यानं सगळं जोडून ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं. न्हाव्यानं गायलं होतं, अकराला बोलावतो नि एकला उगवतो. नर्सनं गायलं होतं, नेलेला माइक गिळून बसलाय. टॅक्सीवाला तर म्हणत होता, माझीच ओळ ढापून मलाच ऐकवतो. बाकीचे चौघेही त्याच माळेचे मणी.

"ताई, सातही जण माझ्यावर तुटून पडलेत. माझ्याच गाण्यात."

ताई इस्त्री करत होती. "काही खोटं बोललेत?"

"प्रश्न तो नाही."

"मग काय आहे?"

"उद्या सगळ्यांना समोर बसवतो. नजर कोण चुकवतंय ते बघतोच."

रविवारी सकाळी सातही जण पलंगावर, खुर्च्यांवर, उरलेले जमिनीवर बसले. वेल्डरनं गाणं लावलं आणि एकेकाच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. तिसऱ्या तुकड्यापर्यंत सगळ्यांच्या नजरा फरशीवर. चोर सापडले, असं त्याला वाटलं.

गाणं संपताच न्हावी पाणी प्यायच्या निमित्तानं त्याच्यामागे स्वयंपाकघरात आला. "भावा, नर्सचा तुकडा काढ. माझ्यावर आहे. तिचा माइक माझ्याकडेच आहे."

न्हावी बाहेर पडला, नर्स आत आली. "टॅक्सीवाला माझ्यावर घसरलाय बघ. एक ओळ घेतली होती मी त्याची, एकच. ते काढ तेवढं." ती गेली तसा टॅक्सीवाला आला. न्हाव्याच्या तुकड्यातला उशिरा येणारा आपणच, हे त्यानं आपणहून सांगितलं. सातही जण पाणी पिऊन गेले.

"आणि माझ्यावर कुणी काही लिहिलंय?" शेवटच्याला वेल्डरनं विचारलं.

"तुझ्यावर? तू मध्येच कुठून आलास?"

वेल्डरचा जीव भांड्यात पडला. थोडा अपमानही वाटला, पण तो त्यानं गिळला आणि छाती काढून बाहेर आला.

"गाणं लांबलंय. एक तुकडा जाणार. आपल्यात लपवाछपवी नाही, हात वर करून सांगा. बहुमत होईल तो उडवू. निकाल सगळ्यांना मान्य."

नर्सच्या तुकड्याला एकही हात वर आला नाही. हात वर करायचा म्हणजे माइक आपल्याकडे आहे हे भर सभेत कबूल करायचं. टॅक्सीवाल्याच्या तुकड्याला सगळे पंख्याकडे बघत राहिले. न्हाव्याच्या वेळी तर टॅक्सीवाल्यानं हात मांडीखाली दाबून धरला. सात तुकडे बिनविरोध पास झाले.

"राहिला माझा," वेल्डर हसून म्हणाला. "विचारायचं म्हणून विचारतो."

सात हात वर आले.

"का रे?"

"चांगला आहे," न्हावी समजुतीनं म्हणाला, "पण कुणालाच टोचत नाही."

वेल्डरनं आधारासाठी ताईकडे पाहिलं. दाराशी उभ्या ताईचाही हात वर होता.

"तू पाहुणी तरी आहेस का?"

"कपाट माझं आहे," ताई म्हणाली. "आणि आठ महिने ऐकतेय मी तो."