लाल दिव्याचा केसपेपर

आमच्या सोसायटीत परब मेट्रनबाईंच्या गाडीला केसपेपर होता. थट्टा नाही करत. पत्र्याच्या पॅडला क्लिपने लावलेला, रेघा मारलेला, हॉस्पिटलात असतो तस्सा. स्टेअरिंगला दोरीने टांगलेला असायचा. वर नाव: ‘गाडी’. वय: ‘वर्षे वीस’. तक्रार: ‘लाल दिवा’. आणि खाली बाईंच्या टपोऱ्या अक्षरात रोजची नोंद. ‘सकाळी सात. दिवा चालू. भांडुपपर्यंत नेले. दिवा बंद. परतताना पुन्हा चालू. हॉर्न उत्तम.’

हा लाल दिवा म्हणजे डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवा. ब्रेकचं काही बिनसलं की तो लागतो. तेव्हा मुलुंडमध्ये मोटारी त्या किती, आणि त्यातल्या निम्म्यांचे दिवे कायमचे लागलेले नाहीतर कायमचे गेलेले. कुणी ढुंकून बघत नसे. पण मेट्रनबाईंनी पस्तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलातले वॉर्ड हाकले होते. रिटायर झाल्यावर वॉर्ड गेले, हाकायची सवय राहिली. तिथल्या एका डॉक्टरांनी परदेशी जाताना आपली जुनी गाडी त्यांना देऊन टाकली, आणि बाईंना हक्काचा पेशंट मिळाला. वॉर्डबॉय मी. माझा गुन्हा एवढाच की मी समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचो आणि माझ्याकडे टॉर्च होता.

“वसंताऽऽ!” रविवारी सकाळी मी चहात बटर बुडवला रे बुडवला की खालून हाक यायची. बायको म्हणायची, “जा, तुझी ड्युटी लागली.”

पहिल्याच रविवारी मी खाली गेलो आणि मोठ्या हुशारीने बॉनेट उघडायला हात घातला.

“हात काढ! इतिहास घेतल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही!”

“कुणाचा इतिहास?”

“दिव्याचा. कधी लागतो? सरळ रस्त्यावर की वळणावर?”

“मला काय माहीत? गाडी तुमची.”

“काल बाजूला बसला होतास ना? मग डोळे काय घरी ठेवून आला होतास?”

बाई रागावल्या की त्यांच्यातली वेंगुर्ल्याची मालवणी वर यायची, आणि मालवणी आली की समोरच्याने मुकाट ऐकायचं असतं. पुढचे आठ दिवस मी ऑफिसला जाण्याआधी त्यांच्याबरोबर सोसायटीभोवती गाडीतून चकरा मारल्या. बाई वीसच्या वर वेग नेत नसत. मागून दूधवाला सायकलवरून घंटी वाजवत पुढे निघून जायचा. मी केसपेपरवर लिहायचो: ‘वळण डावे, दिवा लागला. वळण उजवे, दिवा लागला. सरळ, विझला.’

“झालं निदान,” बाई म्हणाल्या. “ब्रेकचं तेल कमी झालंय. वळणावर ते डब्यात हिंदकळतं, म्हणून दिवा लागतो. आता एवढंच शोधायचं, तेल जातंय कुठे.”

आम्ही गाडी नाक्यावरच्या मेकॅनिककडे नेली. शंकर नाव त्याचं. माणूस वाईट नाही, पण शॉर्टकटवाला.

“बाई, कशाला टेन्शन घेता? बल्बच काढून टाकतो. दिवा परत लागला तर नाव बदला माझं. एकदम झकास!”

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाना हातात घेऊन उभा राहिला.

“पेशंटचा ताप उतरत नाही म्हणून तू थर्मामीटर फोडतोस काय रे मेल्या?”

तिथून गाडी परत. त्या संध्याकाळी बाईंनी चारही चाकांच्या आतल्या अंगाला पांढऱ्या गॉजच्या घड्या ठेवल्या, वर दगड ठेवले आणि सगळ्या पोरांना दम भरला की कुणी हात लावला तर एरंडेल पाजीन. तळमजल्यावरच्या आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “गाडीला फार लागलंय का हो?” सकाळी बाईंनी एकेक घडी उचलून उजेडात धरली. तीन कोरड्या. चौथीवर तेलाचा पिवळट डाग.

“मागचं डावं स्रवतंय,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की लॉटरी लागलेल्याचाही खुलत नसेल.

पुन्हा शंकर. चाक उतरवलं. आतलं रबर खलास झालं होतं. तो नवं बसवायला गेला, तर बाई आडव्या. “हात धुतलेस?”

“बाई, गाडीचं काम आहे हे!”

“म्हणून तर. ब्रेकमध्ये कचरा गेला तर कोण मरणार? तू?”

शंकरने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. आयुष्यात पहिल्यांदा धुतले असावेत. पाणी तीनदा बदललं. पण खोटं कशाला बोलू, पुढे वर्षभर दिवा लागला नाही. केसपेपरवर ‘डिस्चार्ज’ असं लिहून बाईंनी तो जपून ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी नवा कोरा टांगला. म्हणे, पेशंट कधी परत येईल सांगता येत नाही.

अशा बाईंच्या घरात नंदा वाढली. नंदा म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. सहा वर्षांची असताना आई गेली, बापाने दुसरं लग्न केलं, आणि बाई गावी जाऊन तिला सरळ उचलून घेऊन आल्या. बाईंनी स्वतः लग्न केलं नाही. का, ते विचारायची आमची कुणाची छाती नव्हती. नंदा एकदा माझ्या बायकोला हसत म्हणाली होती, “मावशीने मला कधी मांडीवर घेतलं नाही वहिनी. नाडी मात्र रोज बघितली.”

नंदाचं लग्न ठरलं. मुलगा बोरिवलीचा, नोकरी मस्कतला. लग्नानंतर चार दिवसांनी दोघांचं विमान, आणि मग दोन वर्षं सुट्टी नाही. सोसायटीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावून बघितले, पण बाई म्हणजे दगड. टिटॅनसचं इंजेक्शन, पटकीची लस, गोळ्यांचे डबे, सगळ्याची यादी. यादीला टिकमार्क. कसलं रडणं नि कसलं काय!

मुलाकडच्यांनी फुलांनी सजवलेली गाडी आणली होती. बाईंनी ती वाटेला लावली. “माझी मुलगी माझ्या गाडीतून जाईल. पवईमार्गे नेते. दिवेलागणीच्या आत बोरिवलीत पोचवते.”

मुलुंडच्या हॉलवर चार वाजता पाठवणी झाली. नंदा आणि जावई मागे बसले. बाजूच्या सीटवर टॉर्चसकट मी. बाई स्टेअरिंगवर बसल्या, किल्ली फिरवली, आणि लाल दिवा लागला. लागला तो विझेना.

“उतर,” बाई मला म्हणाल्या. “बॉनेट.”

तेल बघितलं. डबा काठोकाठ. बाई काठापदराच्या साडीत उकिडव्या बसल्या आणि चारही चाकं आतून बोटाने पुसून बघितली. खडखडीत कोरडी. मग वायरी. एकेक ओढून, नाक लावून. मुलाचे काका दर मिनिटाला घड्याळ बघत होते.

“अहो, बोरिवलीला जायचंय की इथूनच मस्कत?”

“बिघडलेल्या ब्रेकची गाडी पवईच्या चढावरनं नेऊ? तुमच्याच सुनेला?” बाई बॉनेटखालून गरजल्या. काकांनी घड्याळाचा हात खाली घेतला.

आतून नंदा विचारत होती, “मावशी, काय झालं गं?”

“काही नाही. तू बस आत.”

मग मला हुकूम झाला, आत बसून ब्रेक दाबायचा. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. दाब, सोड, दाब, सोड. पायाला ब्रेक एकदम टणक लागत होता. माझी नजर सहज खाली गेली. हँडब्रेक एक घर वर ओढलेला होता. तेवढ्यानेही हा दिवा लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि बाईंना कळू नये? मला आधी हसूच फुटलं. म्हटलं, सापडली एकदाची मेट्रनबाई! आता जन्मभर चिडवीन.

मी उतरून बॉनेटच्या आड गेलो आणि हळूच म्हणालो, “बाई, काही बिघडलेलं नाही. हँडब्रेक वर राहिलाय.”

“माका म्हायत आसा,” बाई पुटपुटल्या. “मियांच ओढलंय. गप रव.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तेलाच्या डब्याचं झाकण दोन्ही हातांत घट्ट धरून बाई रडत होत्या. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी गालावरून खाली चाललेलं. वर उचललेल्या बॉनेटमुळे नंदाला काही दिसत नव्हतं.

“भेटायची वेळ संपली की घंटा व्हायची, वसंता,” त्या म्हणाल्या. “मी नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढायचे. रोज कुणीतरी हात जोडायचं, सिस्टर, अजून पाच मिनिटं. पस्तीस वर्षांत कुणाला दिली नाहीत रे मी.”

माझेही डोळे भरून आले, लपवू कशाला. मी शर्टाच्या बाहीने ते पुसले आणि बॉनेटच्या आडून बाहेर आलो. काकांनी पुन्हा मनगट डोळ्यांसमोर धरलेलं होतं.

“काय, सापडलं का काही?”

“वायरिंगचा प्रॉब्लेम आहे,” मी ठणकावून सांगितलं. “पाच मिनिटं लागतील.” मग म्हटलं, “दहा धरा.”