शिंप्याच्या वाटणीचं

वाटी रिकामी दिसली की शिंप्याचा फायदाच फायदा होता. बायकोचा चेहरा पडत नसे, "अजून दोन घास" हे पालुपद ऐकावं लागत नसे, आणि खाल्लेलं वर येण्याची भीती नसे. पोट तरी कुठलं म्हणा! कॅन्सरसकट त्यातलं बरंचसं डॉक्टरांनी काढून टाकलं होतं. उरलं ते चोरखिशाएवढं. अडचण एकच. वाटी रिकामी व्हायची तर कुणीतरी खायला हवं.

सकाळचं अंडं त्याने थोरल्या भावाकडे सरकवलं. "दादा, घे ना. हिला सांगू नकोस, रडत बसते." दादाने भावाखातर डोळे मिटून गिळलं, त्या दिवशी आणि पुढेही रोज. दुपारी बायको दुकान सांभाळायला गेली की सूप मुलीच्या वाट्याला यायचं. "बाबा, आजच्या दिवसच हं." तो आजचा दिवस रोज उजाडू लागला.

तपासणीला गेल्यावर बायको मात्र अभिमानाने सांगे, "चाटूनपुसून खातात हो!"

डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहिलं, मग शिंप्याकडे. "एवढं खाऊन वजन उतरतंय? आजार परत डोकं वर काढतोय का ते बघायला हवं. आजच स्कॅन करू. केमोचा पुढचा डोस तोवर थांबवू."

बाहेर बाकावर चौघंही बसली. बायको पाण्याच्या बाटलीचं झाकण नुसतंच उघडत होती, लावत होती. ते मुलीला बघवेना.

"आई, दुपारचं सूप मी पिते."

"दुपारचं तू?" दादा दचकला. "मला वाटलं, माझं सकाळचं अंडंच काय ते..."

"भाऊजी! अहो, लहान आहात का?"

शिंप्याने मान खाली घातली. "जात नाही गं घशाखाली. सांगितलं की तू रडतेस."

"रडू दे की मला! रडून कुणी मरत नाही!" ती अशी ओरडली की रांगेतले सगळे वळून बघू लागले. मग तिचा आवाज एकदम बसला. "आणि मी समजत होते, रात्रीचं तेवढं सोडलं तर बाकी सगळं हेच खातात..."

"रात्रीचं काय?" मुलीने विचारलं.

"तसेच झोपतात ना हे. तुम्हाला घोर नको म्हणून मीच संपवते."

शिंपी टाक्यांवर हात दाबून हसला. हसता हसता रडला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, तरी स्कॅन केलाच. तो स्वच्छ निघाला. "थोडंथोडं द्या," ते म्हणाले. "उरलं तर उरू द्या, पण खरं सांगा."

बायको त्याच्यासमोर रडायला शिकली, तो तिच्यासमोर उरवायला. डोस पुन्हा सुरू झाले, वजन सावकाश चढलं, आणि एक दिवस उपचार संपले.

तो मशीनवर परत बसला, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक घरचंच होतं. दादाची पँट, मुलीचा ड्रेस, बायकोचे ब्लाउज, सगळंच ढिलं करून हवं होतं. आजाराने पोट नेलं एकाचं, भुर्दंड भरला तिघांच्या कमरांनी. शिंप्याने एकेक शिवण हळूच उसवली, आत होतं नव्हतं तेवढं कापड सोडलं.

"दादा, कापड संपलं," तो म्हणाला. "यापुढे माझं मीच खाईन."