थोरल्या-धाकट्याची परीक्षा

"यंत्रं ठेवायची की काढायची, यावर चर्चा कसली करायची? परीक्षा घ्यायची, निकाल लावायचा, विषय संपला!" अक्कांनी जाहीर केलं आणि अण्णांनी जिन्याकडे पाहिलं.

अक्का शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. परीक्षा घेण्यातून मात्र निवृत्त झाल्या नव्हत्या! घरात नवी इस्त्री आली तरी आधी चाचणी, मग कपडे. दूधवाला बदलायचा तर तोंडी परीक्षा. लग्नाआधी त्यांनी अण्णांना काय काय विचारलं होतं, ते अण्णा आजतागायत कोणाला सांगत नाहीत.

या वेळचे परीक्षार्थी जिन्याखालच्या खोलीत राहत होते. थोरला घर गरम करायचा, धाकटा गार. ही नावं अण्णांनीच ठेवलेली. दोघंही लेकीच्या जन्माच्या वर्षी घरात आले होते, आणि आता लेकीलाच बाळ झालं होतं! थोरला सुरू झाला की जिन्याखाली कोणीतरी कपाटं सरकवतंय असं वाटायचं, आणि एवढ्या गडगडाटानंतर भिंतीतल्या झरोक्यातून एक कोमट उसासा बाहेर यायचा. धाकटा तर अख्ख्या उन्हाळ्यात फक्त जिन्याखालची खोली गार ठेवायचा. तरी अण्णा दर महिन्याला दोघांना तेलपाणी करायचे, पाठीवर थोपटायचे आणि "चाललंय की चांगलं!" म्हणायचे.

पण या थंडीत लेकीचा फोन आला. "आई, शनिवारी बाळाला घेऊन येते. पण घर मागच्यासारखं गारठलेलं असेल, तर त्याच पावली परत जाईन हं! डॉक्टरांनी बजावलंय, त्याला थंडी लागता कामा नये."

अक्कांनी नातवाला अजून फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. मांडीवर घेतलं नव्हतं, टाळू हुंगली नव्हती. त्यामुळे त्या रात्रीच त्यांनी ठरवलं, जुनी यंत्रं जाणार! पण परीक्षा न घेता एखाद्याला काढून टाकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

शनिवारी सकाळी नवी यंत्रं विकणारा गृहस्थ आला. त्यालाच बाहेरचा परीक्षक नेमलं होतं. दारात अक्कांना बघताच तो ताठ उभा राहिला.

"बाई! तुम्ही? मी नववीत तुमच्या वर्गात होतो!"

"चपला नीट ठेव," अक्का म्हणाल्या. तेवढ्यानं त्याला पुरेशी ओळख पटली.

"बाई, गाडीत नवं यंत्र घेऊनच आलोय. तुम्ही हो म्हणा, संध्याकाळच्या आत बसवून देतो."

अक्कांनी वाचून दाखवावेत तसे नियम सांगितले. बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि निजायची खोली, तिन्हीकडे तापमापक टांगलेत. थोरला चालू राहील; थंडीत धाकट्याला काम नाही, त्याचा निकाल थोरल्यावरच. जिन्याखालच्या खोलीला कुलूप, किल्ली अक्कांकडे. परीक्षार्थ्याला कोणी भेटायचं नाही, थोपटायचं नाही, धीर द्यायचा नाही. हे शेवटचं अण्णांकडे बघून!

"आणि सगळ्यांनी अंगणात बसायचं. मी कुलूप लावून आलेच."

कुलूप लावायला त्या आत गेल्या आणि तिथे, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांचा हात भलतीकडे गेला. भिंतीवरच्या बटणाकडे! थोरला नापास होणार, यात त्यांना शंका नव्हती. पण समजा, काठावर पास झाला तर? तर अण्णा आणखी वर्षभर "चाललंय की" म्हणणार आणि लेक बाळाला घेऊन त्याच पावली परत. डोळ्यांपुढे नातवाचं बोळकं आलं. खटकन बटण बंद! जाता जाता त्यांनी स्वयंपाकघराची खिडकीही सताड उघडली. विद्यार्थ्याच्या भल्यासाठी कधी कधी कठोर व्हावं लागतं, असं मनाला बजावत त्या अंगणात आल्या. खिडकी उघडताना, अण्णांनी पाहुणा येणार म्हणून स्वयंपाकघरातल्या मेजावर जमिनीपर्यंत लोळणारी चादर घातलेली बघून त्यांना जरा वाईटही वाटलं होतं.

अंगणात बोचरी थंडी होती. अण्णा मात्र निवांत बसले होते.

"काळजी नाही वाटत तुम्हाला?" अक्कांनी विचारलं.

"अगं, पोरगा अभ्यासू आहे," अण्णा म्हणाले.

बऱ्याच वेळानं सगळे आत गेले. आणि दारातच अक्का थबकल्या. बैठकीची खोली छान उबदार होती!

विक्रेत्यानं तापमापक बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. स्वतःच्या पिशवीतलं उपकरण काढून भिंतीवर रोखलं. "बाई, हे... हे भारी आहे!"

"निजायच्या खोलीत बघ," अक्का म्हणाल्या. निजायची खोली तर आणखी उबदार! शेवटी स्वयंपाकघर. खिडकी सताड उघडी, पडदा वाऱ्यानं फडफडतोय, आणि मेजाच्या वर टांगलेल्या तापमापकातला पारा खुशाल वर चढलेला.

"खिडकी उघडी असताना?" विक्रेता कुजबुजला. "आणि आवाज ऐका!"

सगळ्यांनी कान दिला.

"कुठे आहे आवाज?"

"तेच तर म्हणतोय! आवाजच नाही! एवढं जुनं यंत्र आणि एवढं शांत! बाई, आमच्या नव्या यंत्रालाही हे जमत नाही!"

"कालच तेल घातलं होतं," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

पण सगळ्यात जास्त हादरल्या त्या अक्का! बाकीच्यांना वाटत होतं, जुनं यंत्र झकास चाललंय. ते चालत नाही, हे फक्त त्यांनाच माहीत होतं. बंद यंत्र. उघडी खिडकी. आणि घर गरम! त्यांच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर त्यांनी मुलांना शिकवलं होतं, कारणाशिवाय काही घडत नाही. आज त्यांच्याच स्वयंपाकघरात ते घडत होतं. इतकी वर्षं आपण या जीवाला नावं ठेवली, खडखड्या म्हटलं, आणि हा मात्र बटण बंद केल्यावरही, नातवासाठी... अक्कांना पुढचा विचारच सुचेना.

विक्रेत्याला यंत्राचं दर्शन हवं होतं. "निकाल लागेपर्यंत कुलूप निघणार नाही," अक्का घाईघाईनं म्हणाल्या. मग तो दाराच्या फटीला डोळा लावून बसला. आत मिट्ट काळोख. "काय तेज आहे!" तो म्हणाला.

त्यानं मालकाला फोन केला. मालक दुकानातल्या सगळ्यांना घेऊन हजर! त्यांना बघून गल्लीतली माणसं आली. चपलांचा ढीग झाला. लोक हळू आवाजात बोलत होते, भिंतीला तळवे लावत होते, आणि एका म्हातारबुवांनी तर जिन्याला नमस्कार केला. मालक म्हणाला, "पूर्वी यंत्रं माणसांसारखी असायची हो!" यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

"बाई, निकाल?" विक्रेत्यानं विचारलं.

"पास," अक्का म्हणाल्या. "पहिल्या श्रेणीत. नवं यंत्र नको. आता नाही, कधीच नाही!"

"तुम्ही मागितलंत तरी देणार नाही, बाई! याला हलवायचं पाप माझ्या हातून होणार नाही." आणि अण्णांचे हात हातात घेऊन, डोळे पुसत, तो गाडीतल्या नव्या यंत्रासकट निघून गेला.

लेक आली तेव्हा घर मस्त उबदार होतं. "आई, तू कमाल केलीस!" म्हणत तिनं बाळ अक्कांच्या मांडीवर ठेवलं. बाळानं मूठ अक्कांच्या बोटाभोवती आवळली. अक्का हसत होत्या, रडत होत्या आणि मधूनच जिन्याकडे बघून मान झुकवत होत्या.

तेवढ्यात शेजारीण दारात आली. "अण्णा, माझा हीटर द्या हो परत! आमच्याकडे सगळे गारठलेत. समोरच्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचेही त्यांचे दोन मागताहेत."

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. शेजारीण सरळ स्वयंपाकघरात गेली, मेजावरची चादर वर केली आणि तिथून धगधगता हीटर ओढून बाहेर काढला. मग बैठकीतल्या दिवाणाखालून दुसरा. निजायच्या खोलीतल्या कपाटामागून तिसरा!

"अहो!" अक्का ओरडल्या.

"अगं, अंगणात जाता जाता मी नुसता हातभार लावला," अण्णा पुटपुटले. "बाकी सगळं त्यानंच केलं."

"त्यानं काय केलं? मी बटण बंद केलं होतं त्याचं!"

अण्णा धपकन खुर्चीत बसले. अक्काही बसल्या. घरभरची ऊब दारातून हीटरांमागोमाग बाहेर पडली. अण्णांनी अक्कांकडून किल्ली घेतली आणि धावत जाऊन थोरल्याचं बटण लावलं. कपाटं सरकली, खोकला झाला, आणि झरोक्यातून एक थंडगार झुळूक आली. बाळ शिंकलं.

लेकीनं बाळाची पिशवी भरायला घेतली.

"थांब!" अक्का म्हणाल्या. त्यांनी विक्रेत्याला फोन लावला, आणि घाईत भलतंच बटण दाबलं गेल्यामुळे फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लागला.

"नवं यंत्र घेऊन ये. आत्ता."

"शक्य नाही, बाई! तुमच्या यंत्राचा फोटो मालक दुकानात लावणार आहेत. अशा यंत्राला मी हात लावू?"

अक्कांनी बाळाकडे पाहिलं. बाळानं आणखी एक शिंक काढली. कॉपी करणाऱ्या किती पोरांना त्यांनी खणखणीत आवाजात दरडावलं होतं! आज तो आवाज कुठे गेला, कोण जाणे.

"ती परीक्षा रद्द झालीय," त्या कशाबशा म्हणाल्या. "गैरप्रकार झाला."

"काय सांगताय! कोणी केला?"

"उमेदवाराच्या वडिलांनी," अक्का म्हणाल्या. अण्णांनी मान खाली घातली. "आणि... मुख्याध्यापिकेनं."

पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज आला आणि विक्रेता शांतपणे म्हणाला, "येतो मी, बाई. पण आधी तुमच्या पालकांशी बोलायचंय."

लेकीनं बाळाला खांद्यावर घेतलं, आईच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली, "बोला. दोघांचीही पालक मीच."